‘नाही’ म्हणणारे स्वयंपाकघर

ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या एखाद्या उपाहारगृहात बसून ‘तुमच्याकडे ग्लुटेनमुक्त पिझ्झा मिळेल का?’ असे विचारले, तर आता पूर्वीसारखे कोणी गोंधळून पाहत नाही. हा शब्द बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. घोडबंदर रस्त्यावरच्या काही नव्या कॅफेंच्या मेन्यूकार्डावर तर गव्हाच्या ओंबीवर काट मारलेले छोटे चिन्हही छापलेले दिसते. मला काळजी वाटते ती उत्तर फार लवकर मिळते याची. ‘हो मॅडम, मिळेल ना,’ असे वेटर हसून म्हणतो आणि पुढची ऑर्डर लिहून घ्यायला पेन सरसावतो. चार दिवस पोट हलके राहावे म्हणून जे गहू टाळतात, त्यांना एवढे उत्तर पुरते. माझ्यासारखीला ते पुरत नाही, कारण त्या ‘हो’च्या मागे कोणीही आत जाऊन विचारलेले नसते.

मला सिलिअॅक हा आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतले ग्लुटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, अन्नरस शोषून घेणारे तिथले सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात आणि मग कितीही सकस खाल्ले तरी ते अंगी लागत नाही. निदान होण्यापूर्वी मी कित्येक वर्षे लोहाच्या गोळ्या घेत होते आणि हिमोग्लोबिन काही केल्या वर चढत नव्हते. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि या आजारात नेमका तोच भाग सर्वाधिक दुखावतो, हे मला एका पोटविकारतज्ज्ञांनी कागदावर चित्र काढून समजावले. त्यांनी रक्ताची टीटीजी चाचणी करून घेतली, मग दुर्बिणीतून आतड्याच्या अस्तराचा नमुना घेऊन तपासला आणि शांतपणे सांगितले की या आजाराला गोळी नाही, आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य करणे हाच उपचार आहे. येथे एक गोष्ट आवर्जून लिहून ठेवते. नुसती शंका आली म्हणून कोणी आपल्या मनाने गहू सोडून देऊ नये. गहू खाणे चालू असतानाच या चाचण्या कराव्या लागतात, एरवी अहवाल निर्दोष येऊ शकतो आणि आजार तसाच राहतो.

या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी प्रस्थापित केला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये उपासमार होती आणि पाव मिळत नव्हता. त्या काळात त्यांच्याकडची हा आजार असलेली मुले सुधारली आणि पाव पुन्हा मिळू लागल्यावर त्यांचे दुखणे उलटले. डिके यांना गव्हाविषयी शंका युद्धाच्या आधीपासून होतीच. १९५० साली युत्रेख्त विद्यापीठात त्यांनी आपला प्रबंध सादर केला. आज जगात साधारणपणे शंभरातील एका माणसाला हा आजार असल्याचे मानले जाते. ठाण्याच्या लोकलमधल्या एका डब्यात माझ्यासारखे किती असतील, आणि त्यातल्या किती जणांना ते ठाऊक असेल, हा विचार माझ्या मनात वारंवार येतो.

आता मात्रेचे बोलते, कारण सगळा प्रश्न मात्रेचा आहे. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार एक किलो अन्नात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल, तरच त्यावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे लिहिता येते. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकही हेच आहे. समजा पिझ्झा ३०० ग्रॅमचा आहे आणि तो या मर्यादेवर अगदी काठोकाठ उतरतो, तर त्यात ६ मिलिग्रॅम ग्लुटेन असेल. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतचे ग्लुटेन बहुतेक रुग्णांना बाधत नाही असे तज्ज्ञ मानतात, म्हणजे हा पिझ्झा मी निर्धास्तपणे खाऊ शकते. याउलट मैद्याचा हिशेब पाहावा. मैद्यात साधारण दहा टक्के प्रथिने असतात आणि त्यातली बहुतांश ग्लुटेनचीच असतात. त्यामुळे पाव चमचा मैद्यात सुमारे ५० मिलिग्रॅम ग्लुटेन येते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिले गेले आणि तेवढ्यानेही आतड्याच्या अस्तराला इजा झाल्याचे दिसून आले. पाव चमचा मैदा म्हणजे पिझ्झा करणाऱ्याच्या हाताला सहज लागून राहणारे पीठ.

पिझ्झ्याच्या स्वयंपाकघरात मैदा सर्वत्र असतो. सकाळी मोठ्या प्रमाणावर पीठ मळले जाते तेव्हा हवेत उडालेला मैदा बराच वेळ तरंगतो आणि मग सावकाश ओट्यावर, कापलेल्या भाज्यांवर, चीजच्या उघड्या डब्यावर बसतो. गोळा पसरताना तो ओट्याला चिकटू नये म्हणून खाली मैदा किंवा रवा भुरभुरतात. लांब दांड्याच्या ज्या फावड्यावरून पिझ्झा भट्टीत सरकवतात त्याच्यावरही रवा असतो, आणि तो रवा भट्टीच्या दगडावर पडून राहतो. टोमॅटोचा सॉस पसरणारी पळी गव्हाच्या बेसवर गोल फिरते आणि पुन्हा सॉसच्या पातेल्यात बुडते. ज्या हातांनी मैद्याचा गोळा पसरला तेच हात चीजच्या डब्यात जातात. शेवटी कापायचे चाक येते, आणि ते तर दिवसभर एका पिझ्झ्यावरून दुसऱ्यावर फिरत असते. या साखळीत बेस कितीही शुद्ध तांदळाचा असला तरी ताटात येणारा पिझ्झा ग्लुटेनमुक्त राहत नाही. ‘भट्टी चारशे अंशांवर असते, सगळे जळून जाते,’ असे मला एकाहून अधिक आचाऱ्यांनी मनापासून सांगितले आहे. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ग्लुटेन हा जंतू नव्हे, ते प्रथिन आहे, आणि पिझ्झा भाजणाऱ्या उष्णतेने ते निरुपद्रवी होत नाही. तसे झाले असते तर मी पोळीच खाल्ली असती.

आपल्याकडच्या पिझ्झ्याला आणखी काही वाटा फुटतात. मसालेदार पनीरच्या टॉपिंगमध्ये हिंग असू शकतो, आणि बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. चिनी पद्धतीच्या टॉपिंगमधल्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. पांढरा सॉस तर मैदा लोण्यात परतूनच करतात, आणि मखनी सॉस दाट करण्यासाठीही कोणी मैदा वापरतो. सोबत मागवलेले बटाट्याचे फ्राइज ज्या तेलात तळतात, त्याच तेलात पावाचा चुरा लावलेले पदार्थ तळलेले असतात. हे सगळे प्रश्न मी टेबलावर बसून विचारते तेव्हा सोबतचे लोक अवघडतात, हे मला कळते. तरीही मी ते विचारते.

‘भात आहे, भाकरी आहे, साबुदाण्याची खिचडी आहे, मग पिझ्झाच कशाला हवा?’ हा प्रश्न मला नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी अनेकदा विचारला आहे, आणि तो रास्त आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्या सिलिअॅकच्या रुग्णाला उपाशी राहावे लागत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आपल्या ताटात पिढ्यानपिढ्या आहेत. उपासाच्या दिवशी तर वरी, राजगिरा आणि शिंगाडा यांमुळे माझे आणि इतरांचे ताट बरेचसे सारखे होते. मात्र माणूस केवळ पोट भरण्यासाठी बाहेर खायला जात नाही. सत्यनारायणाच्या पूजेला शिऱ्याचा प्रसाद पुढे आला की मी तीर्थ घेते, केळ्याचा तुकडा घेते आणि द्रोण हात जोडून परत करते. ‘प्रसादाने काही होत नाही, थोडासा घे,’ असे म्हणणाऱ्या काकूंचा जीव माझ्यावर आहे आणि तरी त्यांचे ऐकता येत नाही. हळदीकुंकवाला, बारशाला, कार्यालयातल्या निरोपसमारंभाला हेच होते. पिझ्झा तर मुळात वाटून खायचा पदार्थ आहे. तो मध्यभागी येतो, प्रत्येक जण हात पुढे करतो, चीजचे धागे तुटत नाहीत म्हणून हसू फुटते, कोणी आपल्या तुकड्यावरची ढोबळी मिरची दुसऱ्याच्या ताटात टाकते. माझ्या मुलाचा दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी त्याला मित्रांसह पिझ्झा खायचा होता आणि तो मला म्हणाला, ‘आई, तू येणार नसशील तर आपण दुसरीकडे जाऊ.’ पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या आनंदाची जागा आईच्या पथ्यासाठी बदलावी, हे मला मान्य नव्हते. तेव्हापासून मी चांगला ग्लुटेनमुक्त पिझ्झा शोधत होते. आणि चांगला म्हणजे मला न बाधणारा आणि त्याच वेळी त्या मुलांनाही आवडेल असा, हे मी पहिल्यापासून ठरवले होते.

शोधताना जे भेटले त्यावर फार वेळ घालवत नाही. एके ठिकाणी वेटरने आश्वासक स्वरात सांगितले, ‘मैदा नहीं है मॅडम, आटे का बेस है,’ आणि त्याला मनापासून वाटत होते की तो मला अधिक आरोग्यदायी पर्याय देत आहे. दुसरीकडे ‘मल्टिग्रेन’ बेस होता. त्यात ज्वारी, बाजरी आणि नाचणी होतीच, शिवाय त्यांना बांधून ठेवण्यासाठी निम्म्याहून अधिक गहू होता. ठाण्यातल्या एका मॉलमध्ये खरोखरीचा ग्लुटेनमुक्त बेस मिळाला, शीतपेटीतून काढलेला, वेष्टनावर प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असलेला. मात्र तो पुठ्ठ्यासारखा कोरडा होता आणि ओव्हनमधून तो इतरांच्याच जाळीवर भाजून आला. तो खाऊन मला त्रास झाला. पुढचे दोन दिवस कसे गेले ते येथे लिहीत नाही.

वेष्टनातला बेस आणि स्वयंपाकघर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मोठ्या कंपन्यांना चांगले ठाऊक असते. अमेरिकेत डॉमिनोजने २०१२ साली ग्लुटेनमुक्त बेस बाजारात आणला तेव्हा त्यांनी त्याबरोबरच जाहीर केले होते की आमच्या स्वयंपाकघरात गव्हाचे पीठ वापरले जात असल्याने सिलिअॅकच्या रुग्णांनी हा पिझ्झा घेऊ नये. त्यावर टीका झाली. आमच्यासाठी नाही तर मग कोणासाठी, असे लोकांनी विचारले. मला मात्र ती सूचना मोलाची वाटते. खाणाऱ्याला खरे काय ते कळले, आणि निर्णय त्याच्या हाती राहिला. इटलीची वाट याहून वेगळी आहे. पिझ्झ्याच्या त्या देशात रुग्णांची राष्ट्रीय संघटना १९७९ पासून काम करते आहे, ती उपाहारगृहांना प्रशिक्षण देते, आणि २००५ च्या कायद्यानुसार शाळा, रुग्णालये व सार्वजनिक भोजनगृहांत मागणी केल्यास ग्लुटेनमुक्त जेवण द्यावेच लागते. रुग्णांना असे पदार्थ विकत घेण्यासाठी शासनाकडून दरमहा साहाय्यही मिळते. आपल्याकडे ज्यांच्याजवळ केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा अथवा अधिक शाखा आहेत, अशा उपाहारगृहांनी पदार्थांतल्या अॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी, असा नियम २०२० च्या नियमावलीत आला आहे. तो चांगला आहे आणि त्याचा आग्रह धरायला हवा. पण गल्लीतले एकुलते एक कॅफे त्याच्या बाहेर राहते, आणि मला माझा पिझ्झा शेवटी अशाच एका कॅफेत सापडला.

मी बेलापूरला नोकरी करते आणि ठाणे–पनवेल लोकलने रोज ये-जा करते. नेरूळला उतरून थोडे चालत गेले की एका निवासी इमारतीच्या तळमजल्यावर ते कॅफे आहे. मोजकी टेबले, एक छोटी भट्टी, आणि गल्ल्यावर स्वतः मालक. मी नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी ‘हो’ म्हटले नाही. त्यांनी मला विचारले, ‘ताई, आवड म्हणून हवाय की आजार आहे?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणत्याही उपाहारगृहात कोणी विचारलेला नव्हता. मी आजार सांगितला. ते म्हणाले, ‘मग आज मी तुम्हाला देणार नाही. शनिवार आहे, आत सकाळपासून मैदा उडतोय. बेस माझ्याकडे आहे, पण आज तो तुमच्यासाठी सुरक्षित नाही. तुम्ही मंगळवारी या.’

त्या नकाराने मला जे समाधान दिले ते शब्दांत नीट मांडता येणे अवघड आहे. समोरचा माणूस मला पाठवून देत होता, त्याची विक्री बुडत होती, आणि मला पहिल्यांदाच वाटले की येथे आपण जेवू शकू. मी चहा घेतला आणि त्यांना सविस्तर विचारले. त्यांचे कॅफे सोमवारी बंद असते. त्या दिवशी संपूर्ण स्वयंपाकघर धुऊन निघते. धुरळा पुन्हा उडू नये म्हणून कोरडा झाडू न वापरता ओल्या फडक्याने पुसून घेतात. मंगळवारी सकाळी मैद्याचे पोते उघडण्याआधी ग्लुटेनमुक्त बेस थापले जातात, आणि दुपारी दोनपर्यंत फक्त तेच पिझ्झे भट्टीतून निघतात. त्यांच्यासाठी पत्र्याची ताटे वेगळी आहेत, सॉस वेगळ्या भांड्यात सकाळीच काढून ठेवतात, चीजचे नवे पाकीट उघडतात आणि कापायला हिरव्या मुठीची वेगळी सुरी आहे. भट्टीच्या दगडावर पिझ्झा थेट ठेवत नाहीत. तो ताटातच भाजतात. हिंग ते स्वयंपाकघरात आणतच नाहीत. दोननंतर नेहमीचे काम सुरू होते आणि मग कितीही आग्रह केला तरी ते नाही म्हणतात. हे सगळे त्यांना कोठे शिकायला मिळाले, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले की पूर्वी ते एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात होते आणि शेंगदाण्याच्या अॅलर्जीने एका पाहुण्याचा श्वास कोंडलेला त्यांनी पाहिला होता.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले. आता त्या बेसविषयी लिहिते, कारण येथे मला खरोखर रमायचे आहे.

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने एकमेकांत गुंतून ताणले जाणारे जाळे तयार करतात, यीस्टमुळे निर्माण होणारा वायू त्या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. ज्वारीत किंवा तांदळात हे जाळे तयार होत नाही. वायू निघून जातो आणि बेस चपटा, ठिसूळ होतो. म्हणून ग्लुटेनमुक्त पिझ्झ्यात काहीतरी बांधून ठेवणारे घालावे लागते. परदेशातल्या कृतींत झॅन्थन गम असतो किंवा सायलियम असते, आणि सायलियम म्हणजे आपल्या प्रत्येक घराच्या औषधाच्या फडताळात असलेला इसबगोल. जगात इसबगोलाचे सर्वाधिक उत्पादन भारतात होते, आणि त्याची मोठी बाजारपेठ गुजरातेत उंझा येथे आहे. नेरूळच्या या बेसमध्ये ज्वारी, तांदूळ, साबुदाण्याचा स्टार्च आणि इसबगोल आहे, यीस्ट, मीठ आणि तेल आहे. इसबगोल पाण्यात भिजून बुळबुळीत झाला की तो पीठ धरून ठेवतो आणि वायूही थोडाफार अडवतो.

मला विशेष वाटले ते ज्वारीचे. मालकांनी आरंभी ज्वारीचे पीठ नुसते मिसळून पाहिले होते आणि बेसच्या कडांना चिरा पडत होत्या. त्यांच्याकडे भांडी घासायला आणि कामगारांसाठी भाकऱ्या करायला मंगळवेढ्याकडच्या एक मावशी आहेत. त्यांनी ते पाहून सांगितले की आधी उकड काढा. ज्वारीच्या पिठात उकळते आधण ओतले की त्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, चिकट होतो आणि पिठाला बांधणी येते. पिठाची विरी गेली असेल तर आपल्याकडच्या बायका नेमके हेच करतात. तेव्हापासून या कॅफेत निम्मी ज्वारी उकडून, ती कोमट झाल्यावर त्यात यीस्ट आणि बाकीचे पीठ मिसळले जाते. पीठ मऊसर, जवळजवळ पळीवाढे असते, ते लाटता येत नाही. ओल्या हाताने तेल लावलेल्या ताटात थापावे लागते. ते थापायचे काम आजही मावशीच करतात. मी त्यांना थापताना पाहिले. बोटांच्या पेरांनी मधून कडेकडे जाणारी ती लय माझ्या सासूबाईंच्या हातात होती.

थापलेला बेस आधी नुसताच भाजतात, म्हणजे स्टार्च घट्ट होतो आणि वरचा सॉस आत मुरत नाही. मग सॉस, चीज, तुळशीच्या जातीची ती विलायती पाने, आणि पुन्हा भट्टी. माझ्यासमोर आला तेव्हा त्याची कड तांबूस आणि किंचित फुगलेली होती. तुकडा उचलला तर तो टोकाशी थोडा वाकला, तुटला नाही. खालून खरपूस, आतून ओलसर, आणि ज्वारीची ती गोडसर चव टोमॅटोच्या आंबटपणाखाली स्पष्ट जाणवत होती. गव्हाच्या पिझ्झ्याची ती नक्कल नव्हती, आणि मला ती नक्कल नकोही होती. गव्हाचा जो चिवट ताण असतो तो यात नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ज्यांना केवळ तोच हवा त्यांचे येथे समाधान होणार नाही. शिवाय हा पिझ्झा गरमच खावा लागतो. निवला की स्टार्च पुन्हा कडक होतो, आणि खोक्यात बांधून ठाण्यापर्यंत नेला तर आधी वाफेने ओला होतो आणि मग चामट. मालक तो बांधून देतच नाहीत. किंमत साध्या पिझ्झ्यापेक्षा बरीच जास्त आहे. अर्धा दिवस मैद्याचे काम बंद ठेवणाऱ्याने ती मागावी यात मला काही वावगे दिसत नाही.

एक प्रश्न मी शेवटपर्यंत राखून ठेवला होता, आणि तो पिठाचा होता. ज्वारी मुळात निर्दोष असली तरी गिरणीत ती गव्हामागून दळली गेली तर तिच्यात गहू येतोच; जात्याच्या पाळीत आणि पिठाच्या पेटीत आधीचे दळण शिल्लक असते. याच कारणासाठी आमच्या घरी वेगळी घरघंटी आहे आणि तिच्यात गव्हाचा एक दाणाही जात नाही. मालकांनी मला आत नेऊन त्यांची घरघंटी दाखवली. ज्वारी ते वाशीच्या बाजार समितीतल्या धान्यबाजारातून अख्खी आणतात, मावशी ती ताटात पसरून निवडतात, कारण पोत्यात गव्हाचे चुकार दाणे असू शकतात, आणि मग ती तेथेच दळली जाते. निवडताना सापडलेले गव्हाचे दाणे त्यांनी एका वाटीत जमवून ठेवले होते. त्या वाटीकडे पाहिल्यावर मला आणखी काही विचारावेसे वाटले नाही.

त्यानंतर मला त्रास झाला नाही. पुढच्या वेळांनाही झाला नाही, आणि सहा महिन्यांनी केलेली टीटीजी चाचणीही ठीक आली. एका चाचणीवरून कोणी कोणत्याही उपाहारगृहाला प्रमाणपत्र देऊ नये, आणि मीही देत नाही. ठाण्यातल्या दोन कॅफेमालकांना मात्र मी ही पद्धत समजावून सांगितली आहे. त्यातल्या एकांनी जागा लहान असल्याचे सांगून नकार दिला आणि मेन्यूकार्डावरचे ते ओंबीचे चिन्ह काढून टाकले. मला ते पटले. स्वयंपाकघर सांभाळता येत नसेल तर चिन्ह छापू नये, एवढेच माझे मागणे आहे; दुसरे मालक अजून विचार करत आहेत आणि मी अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन आठवण करून देते.

मुलगा आता महाविद्यालयात आहे आणि मंगळवारी दुपारी त्याला तास असतात, त्यामुळे तो सुट्टीतच येऊ शकतो. पुढच्या मंगळवारी आम्ही मैत्रिणी नेरूळला जाणार आहोत. आमच्यात सिलिअॅक दोघींनाच आहे. दुसरी मला डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर भेटली होती आणि तिने निदान झाल्यापासून बाहेर काही खाल्लेले नाही. बाकीच्या तिघींसाठी दोननंतरचा नेहमीचा पिझ्झा मागवता येईल, असे मी सुचवले होते. त्यांना ते नको आहे. एकमेकींच्या ताटातले तुकडे उचलता यायला हवेत, असे त्यांचे म्हणणे पडले. मावशींना ज्वारी आदल्या दिवशी निवडावी लागते, म्हणून पाच बेसची संख्या मी मालकांना आजच कळवली आहे.